कान

विलायतेहून पेटी आली तेव्हा
आत पेंढाच जास्त होता.
दत्तोबा शिपायानं तो म्हशीपुढं टाकला.
म्हशीनं हुंगला, तोंड फिरवलं.
हे चित्रशाळेच्या इतिहासात नाही.
इतिहासात दरबारची मंजुरी आहे,
आणि पावती: ग्रीक पुरुष, प्लास्टर, एक नग.

तीन पिढ्यांनी तो नग काढला,
कोळशानं, उत्तरेच्या खिडकीखाली,
आळतेकर मास्तरांच्या ओळंब्याच्या धाकात.
"सावली काळी नसते रे,
सावली म्हणजे दमलेला उजेड."
मागच्या बाकावर तेव्हा कुणीतरी
पोस्टरातल्या नटीचे ओठ भरत असायचा,
थेटरवाला रोख द्यायचा म्हणून.

जिवंत मॉडेल म्हणून गंगावेशीतून हिंदुराव यायचे,
पाठीला आखाड्याची तांबडी माती तशीच.
तासाला आठ आणे आणि वर दूध.
हलायचे नाहीत.
एकदाच ग्रीकाकडं बघून म्हणाले,
"ह्यो गडी लढलाच न्हाई कधी.
कान बघा की त्याचं."

त्रेसष्टच्या गॅदरिंगमध्ये ग्रीक पडला,
डावा कान गेला.
नवा केला नसीम शिकलगारनं, वर्गातली एकटी मुलगी.
गवंड्याकडून ओंजळभर सिमेंट मागून,
हिंदुरावांच्या बाजूला स्टूल ओढून:
चेपलेला, गाठाळलेला, पैलवानाचा कान.
मास्तर ओळंबा धरून उभे राहिले बराच वेळ.
"मापात नाही," म्हणाले,
आणि बसवायला स्वतः हात दिला.

मुंबईचे इन्स्पेक्टर आले की
ग्रीकाची डावी बाजू भिंतीकडं.

मी पुढं ट्रकच्या पाठी रंगवल्या, दुकानांच्या पाट्या,
मग फ्लेक्स आला.
मग पंचगंगा आली,
खालच्या वर्गात नऊ दिवस मुक्कामाला.
चिखल काढायला गेलो.
बोट लावलं की ग्रीक खरवसासारखा सुटत होता.
हजेरीपटांच्या लगद्यात काहीतरी टणक लागलं.
नळाखाली धुतलं.

मिरजेला नसीमबाईंना फोन लावला.
त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.
"काय सापडलं?"
"कान."
"काय?"
"कान, कान!"
"कुणाचा?"
मी ओरडून सांगत राहिलो,
आणि त्या हसतायत
की त्यांना ऐकूच येत नाही,
फोनवर कळेना.