एक्स्टेन्शन चौदा

मकरपुरा जीआयडीसीत, शिर्क्यांच्या फ्लँज कारखान्यात
सत्तावीस वर्षं मी भाव सांगते.
भाव वहीत नसतो.
वहीत असते छापील यादी,
ती अनोळखी माणसाला दाखवायची.

पहिला आला अहमदाबादहून, भर मे महिन्यात टाय लावून.
भिंतीवर त्यानं एक निळा शर्ट विकून दाखवला:
शर्ट, टोपली, पैसे, धन्यवाद.
"चार दिवसांत तुमचंही सुरू."
मी विचारलं,
दोनशे एमएम, एसएस तीनशे सोळा, ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं,
तपासणी तिसऱ्याची, पीओ मुंबईहून,
माल दहेजला, बिल हजिऱ्याला,
हे टोपलीत कुठून घालायचं?
"रिमार्क्समध्ये लिहा ना, मॅडम."
रिमार्क्सचा चौकोन दीड इंचाचा होता.

कादंबरीला, म्हणजे धाकट्या सूनबाईंना,
तो स्वस्त पडत होता.
"निंबाळकरबाई, आपण असे काय जगावेगळे?"
मी काही बोलले नाही. फोन वाजला, तो उचलून तिच्याच कानाला लावला.
अंकलेश्वरचे होते. पाच मिनिटांत तिनं मला रिसीव्हर परत दिला.

दुसरा कारेलीबागेतून स्कूटरवर आला. मौलिक पंचाल.
पैसे तिप्पट सांगितले, महिने सात. (लागले अकरा.)
भिंतीवर काहीच दाखवलं नाही.
माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसला
आणि फोन ऐकत राहिला.

वापीला नव्वद दिवस उधारी, मार्च सोडून.
अंकलेश्वरची ऑर्डर मुलगा टाकतो, मंजुरी बापाची,
आणि बाप बुधवारी कुणाशी बोलत नाही.
शंभर नगांवर सहा टक्के.
नव्व्याण्णववरही सहा,
कारण शंभरावा ते नेहमी विसरतात.
मौलिक प्रत्येक वेळी विचारायचा, "का?"
इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
काही ठिकाणी मलाच उत्तर येईना.
असे चार नियम आम्ही तिथल्या तिथे पुसले.

मग भरूच. धनसुखभाई.
साडेसात टक्के, ऑर्डर केवढीही असो.
"मुदत?"
नाही.
"कारण?"

विश्वामित्री चढली त्या वर्षी
पॅकिंग शेडच्या पायरीवर मगर पडून होती, दीड दिवस.
पाणी उतरलं तेव्हा अकरा टन माल तांबडा झाला होता.
धनसुखभाईंनी ट्रक धाडला, सगळा उचलला, पूर्ण भावानं.
"आमची पोरं घासतील. त्यांनाही काम नको?"
त्या चेकातून आमची दिवाळी झाली.

"जुनं गिऱ्हाईक आहे," एवढंच मी म्हणाले.
मौलिकनं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा विचारलं नाही.
आता सगळ्या खान्यांपुढे लाल चांदणी असते, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
कारणाच्या खान्यापुढे नाही.

श्रावणात सुरू झालं.
पहिली ऑर्डर रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, भरूचहून.
धनसुखभाईंचा नातू असणार; म्हातारा त्या वेळी झोपतो.
साडेसात टक्के बरोबर वजा.
सकाळी फोन वाजला नाही.
मी रिसीव्हर फडक्यानं पुसला, साडेदहाला पुन्हा एकदा पुसला.

तिसऱ्या आठवड्यात राजकोटच्या कुणीतरी
असं काही मागितलं की पडद्यावर ओळ उमटली:
नियम सापडला नाही. एक्स्टेन्शन चौदा.
चौदा म्हणजे मी.

"मी मार्चला निवृत्त होतेय," मौलिकला म्हटलं,
"मग चौदावर कोण?"
"ते सॉफ्टवेअरमां नथी आवतुं, बेन."

काल कादंबरीनं तेच स्टूल ओढलं.
हातात नवी वही, पहिलं पान मोकळं सोडलेलं.
म्हणाली, "एक विचारू?
भरूचला साडेसात का?"

मी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला वीस कमी.
म्हटलं, आधी चहा सांग.