मूळचा नाही

लानडायलोच्या मैदानात परीक्षक वाकतो,
विजेरी लावून गाडीच्या पोटात बघतो.
इंजिनाचा क्रमांक जुळतो, कार्ब्युरेटर बासष्टचेच,
हिरवा रंगसुद्धा कारखान्याने दिला तोच.

मग क्लचच्या पेडलवर
दोन स्क्रूंनी बसवलेला ओकचा ठोकळा,
मधोमध झिजून खोलगट.
"हा मूळचा नाही."

एम्रिस टोपी मागे सारतो.
नेस्टाचा पाय पोचत नसे.
एका रविवारी कुंपणाचा खांब कापून
त्यानं तिला चार बोटं उंची दिली
आणि ती थेट समुद्रापर्यंत गेली,
त्याला न घेता.

"काढून टाका, पहिला नंबर तुमचाच."

खिशात स्क्रूड्रायव्हर आहेच.
गुडघे कुरकुरतात, तो खाली बसतो,
डावीकडचा सैल स्क्रू
अर्धा फेरा
आवळतो.