फुली

बाकांवर खडूनं फुल्या मारायचं काम माझ्याकडे आलं.
एक जागा बसायची, दोन फुलीच्या,
पुन्हा एक बसायची.
शिलाईची टेप घेऊन मी आणि वॉचमन तानाजी
शनिवारी भर दुपारी देवळात गुडघ्यांवर.
"बाई," तो म्हणाला, "तुमच्यात फुली चांगली का वाईट?"
मी टेपचं दुसरं टोक धरून
पुढच्या बाकाकडे सरकले.

दार फुगलं होतं.
पुराच्या साली प्यालेलं पाणी अजून अंगात ठेवून
ते उघडताना कण्हलं.
घंटेचा दोर उंदरांनी नेला होता,
पेटीचा भाता मिरजेहून शिवून आणला.

पहिल्या रविवारी एकोणीस.
रजिस्टरात मी आकडा लिहिला
आणि खाली रेघ ओढली, जणू बेरीज संपली.
दारात कोपराला कोपर लावून जय ख्रिस्त.
अर्धे चेहरे झाकलेले,
कपाळांवरून माणसं ओळखायची.

गीत सुरू झालं आणि सगळे
प्रत्येक ओळीनंतर थांबले.
दीड वर्ष आम्ही फोनवर गायलो होतो:
पेटी शाहूपुरीत, तबला उचगावात,
ध्रुवपद गडहिंग्लजला पोचेपर्यंत
आम्ही दुसऱ्या कडव्यात.
वाट बघायची खोड जिभेला लागलेली.
त्या थांबण्यात पंखा ऐकू आला,
रस्त्यावरच्या केएमटीचा हॉर्न,
कुणाचा तरी दाबून धरलेला खोकला,
आणि त्याच्या आजूबाजूची सगळी फुलीची जागा.
नहेम्या आवळेनं पेटीवरून मान वर केली,
"म्हणा की वो! नेटवर्क हाय इथं!"
मास्कच्या आतलं हसू
खांद्यांवर दिसलं.

मग सव्वीस. मग चौतीस. मधेच एकदा बावीस,
कुणाच्या तरी घरात पुन्हा ताप होता.
हिरवे भाऊ तीन रविवार गेटापाशी
स्कूटरवर बसूनच उपासना ऐकून गेले.
चौथ्या रविवारी आत आले, हेल्मेटसकट,
आणि प्रार्थनेला डोळे मिटले तेव्हा
काच खाली ओढून घेतली.

तबिथामावशी नाहीच येत.
जिना उतरायला आता दोन माणसं लागतात.
त्यांचा फोन मी खिडकीत टेकवून ठेवते,
माडाच्या झावळ्या आणि उपदेश दोन्ही दिसतील असा.
आमेन त्यांचं सगळ्यांच्या मागून येतं,
एकटं, चपला हातात घेऊन आल्यासारखं.

डावीकडून तिसरा बाक, भिंतीची बाजू.
बर्नबा समुद्रे सर.
अर्ध्या तासाच्या वर पाळकांना
एक मिनिट दिलं नाही त्यांनी कधी,
घड्याळ काढायचे आणि कानाला लावायचे.
सीपीआरमधून त्यांना नेलं तेव्हा
खड्ड्याशी पाचजण,
आणि आम्ही एकशे दहा जण फोनवर,
आवाज बंद करून.
टेपच्या हिशोबानं ती जागा बसायची निघाली होती.
तिथं फुली नव्हती.
तिथं कुणी बसलं नाही.

पुढं फुल्या पुसायचं ठरलं.
ओल्या फडक्यानं पुसल्या, वाळल्यावर पुन्हा उमटल्या;
सागवानात खडू मुरतो.

त्या रविवारी नर्सिंगची एक पोरगी आली, नंदुरबारकडची.
कुणाला ओळखत नव्हती,
थेट जाऊन भिंतीच्या बाजूला बसली.
सगळ्या मंडळीच्या माना वळल्या.
पाळकांचा शब्द अडखळला.
समुद्रेबाई काठी टेकत उठल्या,
तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.
"सरक थोडी," म्हणाल्या,
"मला तिकडं वारा लागत नाही."

त्या दिवशी उपदेश पंचेचाळीस मिनिटं चालला.
कुणी काही म्हणालं नाही.

सगळे पांगल्यावर मी रजिस्टर घेऊन बसले.
एकाहत्तर लिहिलं, खोडलं.
बहात्तर लिहिलं.
तानाजी कुलूप घेऊन दारात उभा,
एकेक दिवा मालवत.
आणि मग खिडकीतून,
बंद करायचा राहून गेलेल्या फोनमधून,
आमेन.