फाऊल

सिद्रामचा बाप सांगलीच्या मार्केट यार्डात,
हळदीच्या वखारीत हमाल.
सुटीत पोरगंही पोती शिवायला.
म्हणून नखं पिवळी, तळवे पिवळे,
वहीच्या कडासुद्धा.
'नवरदेव आला रे' म्हणायचा राव्या,
आणि आम्ही हसायचो.
मी जरा उशिरा हसायचो, एवढंच.

एकदा राव्याच्या शर्टावर त्याचा पंजा उमटला.
राव्याच्या आईनं साबण लावला,
तसा पिवळा पंजा लालभडक झाला.
दुसऱ्या दिवशी सिद्रामचा गालही.

तो आधी भांडला. मग रडला.
मग पेरू वाटून बघितले.
पेरू आम्ही खाल्ले.
शेवटी तोही हसायला लागला,
स्वतःलाच, सगळ्यांच्या आधी.
बाई म्हणाल्या, रुळला हो आता.

शनिवारची सकाळची शाळा, खो-खो.
सरांनी पहिल्यांदाच त्याला पळायला उभं केलं.
पळत पळत तो माझ्यामागं आला.
मी पाठ ताठ करून बसलेलो,
अंगात नवा पांढरा शर्ट.
मागं धाप ऐकू आली,
मग लांबूनच, हळू,
'खो.'

हात लावलाच नाही त्यानं.
मी उठलो. शिट्टी. फाऊल.
'ह्याला नियमसुद्धा येईनात!' राव्या ओरडला.
नियम येत होता त्याला.
आमचा.

दुपारी आईनं शर्ट धुवायला घेतला,
उलटा केला, सुलटा केला.
'आज खेळला नाहीस होय रे?'
'बसूनच होतो,' म्हटलं.