पाचवी भिंत

स्टावांगरला, बंदरामागच्या उतारावर,
आम्ही सात जण आणि सिंद्रे.
त्याच्या हातात पिवळी छत्री, मिटलेली.
तिच्या टोकानं तो भिंती दाखवतो,
मास्तर नकाशावर नद्या दाखवतात तसा.

ही पहिली : उलटं टांगलेलं जहाज.
ही दुसरी : एक मुलगा दगडावर आपटून
स्वतःची सावली धुतोय.
तिसरी गेल्या वर्षापर्यंत होती.
आता तिथे नुसता राखाडी चौकोन.
सिंद्रे त्याच्यासमोरही तेवढाच वेळ थांबतो,
टोपी काढत नाही एवढंच.
चौथी मला आठवत नाही. नवे बूट चावत होते.

बाकी गल्लीत कॉफी, सायकली,
एका दारावर योगवर्ग, दुसऱ्यावर 'भाड्याने देणे'.
धुराडी अजून उभी,
लग्न लागून गेल्यावर
मांडवाचे खांब राहतात तशी.

पाचव्या भिंतीवर मासा.
चार मजली. छपरापासून फुटपाथपर्यंत एकच,
खवल्याखवल्याला वेगळा निळा,
आणि डोळा एवढा
की आमची सातही डोकी त्यात मावावीत.
कुणीतरी म्हणालं, वा.
फोन वर गेले.

खाली, शेपटीशी, घडीच्या खुर्चीवर
एक म्हातारी थर्मास घेऊन बसलेली.
आमच्यातल्या एकानं हातानंच खूण केली,
जरा बाजूला व्हाल का, चित्रात येताय.
ती हलली नाही.
"मी आधीपासून येतेय," म्हणाली.

गुडवेग तिचं नाव. सिंद्रे तिला ओळखत होता,
आणि थोडा घाबरतही असावा.

"डोळा जमलाय पोराला," ती म्हणाली.
"नेमका तिथूनच सळई घालायचो आम्ही.
एका सळईवर तीस मासे,
या डोळ्यातून त्या डोळ्यात.
मग धुरात, मग तेलात, मग डब्यात.
डब्यावर बाई हसरी. गोरीपान, केस कोरडे.
ती कोण होती, आम्हाला कधी दिसली नाही."

भोंगा घड्याळ बघून व्हायचा नाही.
होड्या आल्या की व्हायचा.
रात्री दोनला, नाहीतर तोंडात घास असताना.
धाकट्या भावाच्या बाप्तिस्म्यातून
आई तशीच उठून गेली.
बाळाच्या कपाळावरचं पाणी
पाद्र्यानंच पुसलं म्हणे.

"पैसे पेटीमागे," गुडवेग म्हणाली.
"तुझी ही फेरी केवढ्याला रे?"
सिंद्रेनं आकडा सांगितला. हळू.
तिनं आम्हाला मोजलं, ओठ हलवत,
मग बोटांवर काहीतरी सुरू केलं
आणि मध्येच नाद सोडला.

"तिथे बघ, कल्ल्यापाशी.
तिथे खिडकी होती. पुढं विटांनी बुजवली.
धूर फार झाला की पाळीपाळीनं
तिथे जाऊन उभ्या राहायचो.
वीस श्वास एकीला. मोठ्यानं मोजायचे.
रांगेतली मागची ओरडायची, झाले, झाले."

चितारी परक्या देशातला.
त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्यानं आपला मासा काढला,
आणि माशाला श्वास लागतो
म्हणून कल्ला काढला.

बारीक भुरभुर सुरू झाली.
सिंद्रेनं छत्री उघडली,
आणि मग ती कुणाच्या डोक्यावर धरावी ते त्याला कळेना.
सहावी राहिलीय, तो म्हणाला,
सहावी फार छान आहे, उंदीर आहेत.
आम्ही गेलो. छान होती. उंदीर होते.

रात्री हॉटेलात बूट काढून फोटो बघितला.
मासा तिरका आलाय, डोळा अर्धाच.
खालच्या कोपऱ्यात थर्मासचं झाकण
आणि गुडवेगचा हात, मनगटापर्यंत.
बोलता बोलता तो मांडीवर
आपलं आपलं काही करत असावा.
अंगठा आणि शेजारचं बोट
चिमटीत बारीकसं काही धरल्यासारखी.

फोटो मोठा करून पाहिला.
चिमटीत काही नव्हतं.