तीन ग्रॅम

नकाशात तिच्या देशाचं नाव
समुद्रावर छापलेलं असतं.
जमिनीवर मावत नाही, म्हणाली.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं शेवटचं पान उलटून दाखवलं:
आमचंही तसंच, बाई.
'गो' पाण्यात आणि 'वा'ही पाण्यात.

इदालिना. असेल अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची.
दोना पावलाच्या संस्थेत सहा महिने शिकायला आलेली.
तिला कुणीतरी सांगितलं,
कुंडईच्या वसाहतीत शेडच्या शेवटच्या रांगेत
सगुण शेट्ये म्हणून एक लेथवाला आहे,
केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखतो.
अतिशयोक्ती आहे. नखाने ओळखतो.

तिचं इंग्रजी अडखळत यायचं, माझं लंगडत.
मग एकदा कागद पसरायला जागा शोधताना
ती पुटपुटली, 'मेझा'.
मी म्हटलं, मेज!
मग चावी. मग बादली. मग, हसत हसत, पगार.
दोघांचेही जुने मालक एकच.
जाताना ते जे विसरून गेले
त्या आठ-दहा शब्दांवर
आम्ही एक चौकट बनवायला घेतली.

दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच.
हा उपग्रह?
माझ्या मुलीचा जेवणाचा डबा याहून मोठा आहे.
ती हसली नाही.
म्हणाली, आमचं अंतराळ खातं म्हणजे
पोस्टाच्या माडीवरच्या तीन खोल्या.
एक गळते, म्हणून सोल्डरिंग दुसरीत.
वादळ आलं की दुसऱ्यांच्या उपग्रहाकडे चित्र मागायचं;
ते येईपर्यंत वाळत घातलेली मासळीही गेलेली असते,
वाळत घालणारेही.
समुद्रात आमचे अठरा तरंगते खांब आहेत, पाण्याची उंची मोजणारे.
त्यांचं बोलणं ऐकेल असं वर कुणीतरी
आमचं हवं.

मी तीन आठवडे दुसरं काम घेतलं नाही.
बार्जवाल्यांचे बुश तसेच पडून राहिले.
ॲल्युमिनियमचा भुसा केसांत, चहात,
निलाक्षीच्या गणिताच्या वहीत.

तीन ग्रॅम जास्त भरली.
तीन ग्रॅम म्हणजे किती?
रात्री घरी तराजूत घालून पाहिलं:
दोन काजूगर, आणि दुसरा जरा मोठा.
कुठून काढणार? जिथे हात लावू तिथे ती थरथरायची.

ती चौकट घेऊन गेली.
वर्षभराने निरोप आला, लपवाछपवी न करता लिहिलेला:
वर गेली ती दुसरी, परदेशातल्या यंत्रावर कापलेली.
तुमची आम्ही चाचणीला वापरली.
तापवली, गोठवली, मोडेपर्यंत हलवली.
मोडली नाही.
खाली एक आकडा, एक वेळ,
आणि 'ऐका'.

निलाक्षीने कुठेसं वाचलं होतं,
मोजपट्टीच्या पोलादी फितीचा अँटेना होतो.
माझी चांगली पाच मीटरची टेप तिने कात्रीने कापली,
नळाच्या पाइपावर तुकडे बांधले.
पहाटे चार वाजून बारा मिनिटं.
गच्चीवर आम्ही दोघं, आणि शेजाऱ्यांचं कुत्रं.
बोरीच्या पुलाकडून तो चढला.
दिसत काहीच नव्हतं.
नुसती खरखर,
मग खरखरीत एक टोचा,
विहिरीत एकटा बेडूक असावा तसा.
निलाक्षी पाइप वळवत राहिली, हळूहळू,
म्हार्दोळच्या दिशेपर्यंत,
लॅपटॉपवर अक्षरं सुटी सुटी पडत होती:
बॅटरी ठीक. तापमान उणे चार.
खांब सतरा.
अठरापैकी एक गप्प होता म्हणजे.
आणि शेवटी देशाचं नाव,
पूर्ण, काळ्या पडद्यावर, भरपूर जागेत.

नऊ मिनिटं. मग परत खरखर.

'बाबा, रडताय?'
नाही गं. भुसा.
'भुसा? आता?'

सोमवारी एक गिऱ्हाईक दांडा घेऊन आलं,
म्हणालं, माप घ्या.
मी खिशात हात घातला
आणि आठवलं, टेप गच्चीवर आहे,
सहा तुकड्यांत, उत्तरेकडे तोंड करून.
म्हटलं, द्या इकडे,
वितीने घेतो.