नोंदणी

राजारामपुरीत, जिन्यावरच बोर्ड : सहा महिन्यांत नर्स.
आत एसी. पाणी दिलं, हप्ते सांगितले.
कौन्सिलची नोंदणी मिळते का, विचारल्यावर
बाई पावतीपुस्तक चाळायला लागल्या.

सीपीआरच्या व्हरांड्यात फाईल मांडीवर घेऊन बसले.
हौसाक्का आया, तेवीस वर्षं वॉर्डात,
म्हणाली, "दोन वर्साचं एएनएम धर.
लांबचं हाय, पर रस्ता हाय.
मी कुणाला इचारलंच न्हाई."

शेजारी स्ट्रेचरवर म्हातारा कण्हत होता,
त्याला कूस बदलायची होती.
"धर गं," म्हणाली, "चादर न्हवं, माणूस धर."
धरलं.

केएमटीत तळहात अजून कोमट.
तिकिटाच्या मागं महिने मोजले :
चोवीस.
धाकटी तेव्हा तिसरीत असेल.